घुबडाच्या तोंडाची फुलं: केल्टिक कथेवरून अतिवास्तव चित्र, फळी घासण्यापासून

केल्टिक, म्हणजे आयर्लंड, वेल्स आणि गॉलकडच्या, पुराणकथांवर चित्र काढायचं म्हटलं की पहिल्या बैठकीत तीन गोष्टी हमखास कागदावर उतरतात: गाठींच्या नक्षीची किनार, पंखवाली परी आणि धुक्यातले उभे दगड. तिन्ही खोडून टाका. गाठींची नक्षी ही पोथीची सजावट आहे, तिच्यात कथा नाही. पंखवाली परी पुढच्या काळात गोड करून घेतलेली. आयरिश कथांमध्ये टेकड्यांच्या पोटात राहणारे जे लोक आहेत त्यांना ‘शी’ म्हणतात (मराठी कानाला कसंसंच वाटतं, पण उच्चार तोच). ते देखणे असतात, माणसाएवढे असतात, वैर धरतात आणि त्यांना पंख नसतात. राहिले दगड. फ्रान्समधल्या कार्नाकच्या दगडांच्या रांगा आणि इंग्लंडमधलं स्टोनहेंज हे नवाश्मयुगातलं काम, तिथे केल्टिक भाषा बोलल्या जाण्याच्या कितीतरी आधीचं. दगडच हवे असतील तर नागपूर–काटोल रस्त्यावर जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. तेही केल्टिक नाहीत, पण ते तुम्ही स्वतः पाहिलेले असतील आणि चित्राला तेवढं पुरतं.

खाली एकच चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे: ३० × ४० सेंटिमीटरची फळी, अंड्याच्या बलकात कालवलेले रंग, विषय वेल्समधला. सामान बहुतेक तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये आणि घरात मिळतं.

कथा कुठली घ्यायची

लिहिलेल्या कथा दोन घरच्या आहेत, आयर्लंडच्या आणि वेल्सच्या. दोन्हीकडे त्या मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखनिकांनी उतरवल्या. आयरिश कथांची सर्वांत जुनी मोठी पोथी साधारण ११०० सालची, वेल्श कथांच्या दोन मुख्य पोथ्या साधारण १३५० ते १४१० या काळातल्या. फ्रान्सकडच्या गॉल लोकांनी कथा लिहून ठेवल्या नाहीत, त्यांची नाणी आणि कोरीवकाम उरलं. गुंडेस्ट्रुपचा चांदीचा हंडा १८९१ साली डेन्मार्कच्या दलदलीत सापडला. त्यावर मांडी घालून बसलेला शिंगवाला पुरुष आहे, एका हातात गळ्यातलं कडं, दुसऱ्या हातात मेंढ्याची शिंगं असलेला साप. त्याची कथा आज कोणालाच ठाऊक नाही, म्हणून पहिल्या चित्राला तो घेऊ नका. कथा नसली की चित्रकार नुसतं गूढ दिसण्याच्या मागे लागतो.

अतिवास्तववाद्यांचं, म्हणजे स्वप्नासारखं अशक्य ते खऱ्यासारखं मांडणाऱ्या सर्रिअलिस्ट मंडळींचं, या कथांशी नातं जुनं आहे. त्यांचे पुढारी आंद्रे ब्रतों यांचा जाहीरनामा १९२४ चा, आणि गॉलच्या नाण्यांवर ते पुढे फिदा झाले. चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टन (१९१७–२०११) इंग्लंडमधल्या लँकेशरच्या, आई आयरिश आणि सांभाळणारी दाईही आयरिश, त्यामुळे या गोष्टी त्यांनी लहानपणीच ऐकल्या. पुढे मेक्सिकोत राहून त्यांनी त्या अंड्याच्या रंगांत रंगवल्या. दुसऱ्या चित्रकार इथेल कोल्कुहून (१९०६–१९८८) यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. पुढे त्या इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये राहिल्या आणि डागांवरून चित्र काढायच्या पद्धतींवर त्यांनी सविस्तर लिहिलं. कॅरिंग्टन यांच्या चित्रांत एक गोष्ट नीट बघा: कितीही अशक्य प्राणी असला तरी तो ताटवाटी मांडावी इतक्या शांतपणे मांडलेला असतो. रंग उसळत नाहीत, वीज चमकत नाही. गोष्ट जितकी अशक्य, तितका हात कोरडा ठेवायचा. या चित्रप्रकाराची अर्धी विद्या हीच आहे.

कथा निवडताना रूप बदलण्याचा क्षण शोधा, आणि तो विशेषण न वापरता एका ओळीत लिहा. ‘पांढरी मेंढी ओरडली की काळी मेंढी नदी ओलांडते आणि पांढरी होते.’ हे पेरेदूर नावाच्या वीराच्या वेल्श कथेतलं दृश्य. त्याच नदीकाठी एक उंच झाड आहे, मुळापासून शेंड्यापर्यंत अर्धं जळतंय, अर्ध्याला हिरवी पानं. ‘बाई पाण्याचं डबकं झाली, डबक्याची अळी झाली, अळीची माशी झाली, माशी पेल्यात पडली, एका राणीने ती गिळली आणि तिच्या पोटी बाई पुन्हा जन्मली.’ ही आयरिश एतीन, पहिल्या जन्मापासून १०१२ वर्षांनी पुन्हा जन्मलेली. ‘मुलगा गव्हाचा दाणा झाला, बाई काळी कोंबडी झाली आणि दाणा टिपला.’ ही केरिद्वेन आणि ग्विऑनची शर्यत. त्याआधी ससा–शिकारी कुत्री, मासा–पाणमांजर, पाखरू–ससाणा असे तीन फेरे होऊन गेलेले असतात.

ओळीत ‘रहस्यमय’, ‘दिव्य’, ‘भयाण’ असा शब्द घुसला तर तुम्ही अजून चित्र पाहिलेलं नाही, मूड पाहिला आहे. पुन्हा लिहा.

केरिद्वेनची गोष्ट सोपी वाटते, कारण खळ्यावर कोंबडी आणि गव्हाचा दाणा कोणीही पाहिलेला असतो. पण तिथे नवशिके चारही फेरे एकाच फळीत कोंबतात आणि चित्राचा सर्कशीचा फलक होतो. एका फळीत एकच अशक्य गोष्ट. बाकी सगळं, म्हणजे जमीन, सावली, खाटेची सुंभ, इतकं खरं हवं की त्या एका अशक्य गोष्टीच्या बाजूने ते साक्ष देईल.

आपलं चित्र: ब्लोदेवेद

वेल्श कथेत ल्यू नावाच्या तरुणाला आईचा शाप असतो: पृथ्वीवर त्या वेळी असलेल्या माणूसजातीतली बायको त्याला मिळणार नाही. म्हणून मॅथ आणि ग्विदिऑन हे दोघे जादूगार ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट या तीन झाडांच्या फुलांपासून एक बाई घडवतात. तिचं नाव ब्लोदेवेद. ती पुढे दुसऱ्यावर जीव लावते आणि नवऱ्याला मारायचा बेत करते. ल्यूला मारणं अवघड, कारण तो घरात मरत नाही आणि बाहेरही मरत नाही, घोड्यावर मरत नाही आणि पायीही मरत नाही. हिरण्यकशिपूची अट ठाऊक असलेल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल, पण इथे उंबरठा नाही. नदीकाठी छप्पर घातलेलं न्हाणीचं घंगाळ, एक पाय घंगाळाच्या काठावर, दुसरा बोकडाच्या पाठीवर. तेवढ्यात भाला लागतो आणि ल्यू गरुड होऊन उडून जातो. शेवटी ब्लोदेवेदला शिक्षा म्हणून घुबड केलं जातं, आणि तिचं नाव ‘फुलाचं तोंड’ या अर्थाने वेल्शमध्ये घुबडालाच चिकटतं.

बोकड आणि घंगाळ हा स्वतंत्र चित्राचा मजकूर आहे, पुढे कधीतरी जरूर काढा. आता तोंड घेऊ. गावाकडे जुन्या वाड्यात, कोठ्याच्या आढ्याला जे गव्हाणी घुबड राहतं त्याचं तोंड बघा: बदामाच्या आकाराची पांढरी तबकडी, भोवती तपकिरी किनार, मधे दोन काळे डोळे. तबकडीतली पिसं मधल्या रेषेकडून बाहेर पसरतात, पाकळ्यांसारखीच. कथेतलं नाव याच साम्यावर उभं आहे. तुमच्या चित्राची बिजागरीही हीच: पाकळी कुठे संपते आणि पीस कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये.

बाईच्या केसांत फुलं माळली आणि खांद्यावर घुबड बसवलं, तर ते कॅलेंडर झालं.

फुलांचा प्रश्न खरा आहे. ओक, ब्रूम, मेडोस्वीट आपल्या मुलखात नाहीत. फोनवरच्या फोटोवरून काढलेलं फूल मेलेलं दिसतं, कारण त्याची मागची बाजू, देठाचा सांधा, कोमेजलेली कड तुम्हाला ठाऊक नसते. म्हणून कथेतली नावं तशीच ठेवा, पण अभ्यासाला त्याच घडणीची फुलं गावातून घ्या. ओकचा फुलोरा म्हणजे लोंबते, फिकट पिवळसर-हिरवे तुरे. घडणीला जवळचे म्हणजे खैराचे तुरे. ब्रूम पिवळाधमक, शेंगा धरणारा. धुऱ्यावरचा तरोटा चालेल. मेडोस्वीट म्हणजे दुधाच्या फेसासारखा सुगंधी गुच्छ. कडुनिंबाचा मोहोर घ्या. निंब चैत्राच्या आसपास फुलतो, तरोटा पावसाळा सरताना. मूळ कथेतही तसंच आहे, ओक वसंतात फुलतो आणि मेडोस्वीट ऐन उन्हाळ्यात. म्हणजे या बाईच्या अंगात एकाच वेळी दोन ऋतू असतात. वर्षभरात प्रत्येक फुलाचे दहा-दहा अभ्यास वहीत करून ठेवा, त्याच आकारात, पाठमोरे आणि कोमेजलेलेही.

घुबडासाठी पिल्लू पकडून आणू नका, कोणी विकायला आणलं तर घेऊही नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे. दिवेलागणीला कोठ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर अर्धा तास बसलात तर मान फिरवणं आणि उडण्याआधीचं पुढे झुकणं दिसतं. पिसांच्या अभ्यासाला खाली पडलेलं पीस जागेवरच बघून काढा, घरी नेऊ नका. नागपूरला जाणं झालं तर अजब बंगल्यातल्या (तिथल्या संग्रहालयातल्या) भुसा भरलेल्या पक्ष्यांसमोर एक तास काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा काय काढताय ते. घुबडाचं चित्र ओसरीत टांगण्यावरून वाद होतात.

योगायोगाचे कागद

आता डोकं बाजूला ठेवायची वेळ. अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्ट यांनी १९२५ साली लाकडी फरशीच्या भेगांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि त्या घासणीतून जंगलं, पाखरं काढली. ही घासणी. ऑस्कर दोमिंगेझ यांनी १९३० च्या दशकात ओला रंग दोन कागदांत दाबून उचलला, हे ठसे. वोल्फगँग पालेन यांनी मेणबत्तीच्या धुराने काजळी उमटवली, हा धूर. तिन्हींत हेतू एकच: तुम्हाला सुचलं नसतं असं काहीतरी समोर यावं.

घासणीला पातळ कागद लागतो, ७० जीएसएमच्या आतला, आणि ६बी पेन्सिलचं आडवं टोक. मेणखडू वापरू नका. त्याचा अंश फळीवर गेला तर अंड्याचा रंग त्यावर बसत नाही, थेंब थेंब होऊन सरकतो. घासायला काय? सागवानाची साल, बंडीच्या चाकाची धाव, सुपाची वीण, जुन्या दाराची भेगाळलेली फळी, कवेलूची पाठ, पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडाची फाकलेली टरफलं. पिसांना सगळ्यांत जवळ जाते ती सुपाची वीण, थोडी तिरपी घासली तर. जुनापाणीसारख्या ठिकाणच्या दगडांवर मात्र कागद घासू नका, फोटो काढा.

ठशांना गुळगुळीत कागद हवा, आर्टपेपर किंवा जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ. काळा पोस्टर कलर दुधासारखा पातळ करा. तळहाताएवढ्या भागात जाड-पातळ पसरा, वर दुसरा कागद ठेवून हाताने एकदाच दाबा, घासू नका. एका कोपऱ्यातून सावकाश उचला. शिरा, शेवाळ, पिसं, नदीच्या शाखा असलं काहीतरी उमटतं. रंग फार पातळ असेल तर नुसता डाग पडतो, फार जाड असेल तर चिखल. एप्रिल-मे मध्ये दुपारी रंग दाबायच्या आतच वाळतो, म्हणून सकाळी सातच्या आत बसा, किंवा वाटीभर रंगात ग्लिसरीनचे चार-पाच थेंब टाका. वीस ठसे काढा, दोन कामाचे निघतील. बाकीचे वाईट नसतात, पण सगळेच वापरायचा मोह झाला की चित्र शिळ्या भाजीसारखं होतं.

धुराची पद्धत एकदा करून बघा. कागद चिमणीच्या ज्योतीवर वीतभर उंच धरून सतत हलवायचा. वाऱ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ करू नका, शेजारी पाण्याची बादली ठेवा. काजळी बोट लागताच पुसते, त्यामुळे लगेच फोटो काढा. आपल्या चित्राला तिची गरज नाही.

मग ठशांचे आणि घासणीचे कागद भिंतीला लावा आणि दोन दिवस येताजाता बघा. डोळे आणि चोच कुठे येईल ते कागदच सुचवतो. जिथे पिसाचा आणि पाकळीचा भास एकत्र होतो तो तुकडा चौकट कापून वेगळा करा. चित्राचा मध्य तोच.

फळी आणि अस्तर

फळी ६ मिमी एमडीएफची, दुकानातच ३० × ४० कापून घ्या. प्लाय घेतला तर वरच्या पापुद्र्याच्या भेगा वर्षभरात अस्तरातून दिसू लागतात. गावठी सागवानी फळी मोहात पाडते, पण तिचा बाक उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरा असतो.

अंड्याच्या रंगाला शोषून घेणारं अस्तर लागतं. दुकानात मिळणारा अॅक्रिलिक जेसो (तयार पांढरं अस्तर) प्लास्टिकसारखा असतो. त्यावर अंड्याचा रंग पकड घेत नाही, नखाने सोलला जातो. म्हणून अस्तर घरी करायचं: सुताराचा सरस आणि खडूची पावडर. ही पावडर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, रंगाच्या दुकानात व्हायटिंग नावाने मिळते. शाळेतले खडू कुटून वापरू नका, ते बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिसचे असतात. भिंतीचा चुनाही नको, तो तिखट असतो आणि काही रंग खातो.

२५ ग्रॅम सरस २५० मिली पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी तो फुगून लिबलिबीत झालेला असेल. भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, बोट जेमतेम टिकेल इतकीच ऊब ठेवा. उकळलेल्या सरसाची पकड जाते. सरसाची ताकद दुकानागणिक वेगळी असते, म्हणून चमचाभर बशीत घेऊन गार करा (उन्हाळ्यात बशी फ्रिजमध्ये ठेवा). थलथलीत जेली व्हावी आणि बोटाने दाबल्यावर चिरावी. रबरासारखी घट्ट झाली तर पाणी वाढवा, पाणीच राहिली तर सरस.

पहिला हात नुसत्या सरसाचा, दोन्ही बाजूंना आणि कडांना, आणि एक रात्र वाळू द्या. मग एक वाटी कोमट सरसात दीड वाटी खडू पावडर चाळणीतून हळूहळू पेरा. दहा मिनिटं आपोआप भिजू द्या, मग अलगद हलवा. रवीने घुसळू नका. घुसळलं की बुडबुडे होतात आणि बुडबुड्यांची भोकं शेवटपर्यंत छळतात. साईसारखं दाट झालं की गाळून घ्या.

पुढच्या बाजूला सात-आठ हात, प्रत्येक हात आधीच्या आडवा. मागेही चार-पाच, नाहीतर फळी पुढच्या बाजूला ओढून वाकते. वरच्या हाताचा चकाकीपणा जाऊन तो मंद दिसू लागला की पुढचा द्यायचा, पूर्ण कडक वाळायची वाट बघायची नाही. सगळे हात एकाच दिवशी, एकाच भांड्यातल्या मिश्रणाचे. दुसऱ्या दिवशी जास्त सरस घालून वरचा हात दिला तर तो खालच्याला खेचतो आणि भेगा पडतात.

हे काम दिवाळी ते महाशिवरात्रीच्या दरम्यान करा. मे महिन्याच्या ४५ अंशांत अस्तर थिजण्याऐवजी थेट सुकतं आणि तळ्याच्या गाळासारखं तडकतं. श्रावणात ते वाळतच नाही, तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशीचे राखाडी ठिपके येतात आणि वास सुटतो. उरलेला सरस फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, बाहेर एक दिवस.

तीन दिवसांनी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग ४०० ने घासा. तोंडाला मास्क हवाच. अंड्याच्या टरफलासारखी फळी लागली पाहिजे.

रंग

गेरू, पिवळी माती, काजळी काळा, टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा, अल्ट्रामरीन निळा. एवढे पुरतात. पिवळ्या मातीत काळा मिसळला की मळकट हिरवा येतो, ओकच्या तुऱ्यांना तोच हवा. अल्ट्रामरीन चित्रकलेच्या दुकानातूनच आणा. कपड्यांची पातळ नीळ म्हणजे डाय, उन्हात उडते. शेंदूर हाताशी असतो आणि मोह होतो, पण त्यात शिसं असतं आणि अंड्यात तो पुढे काळवंडतो. हिंगूळ आणि हरताळही नको, एकात पारा, दुसऱ्यात आर्सेनिक.

प्रत्येक रंग पाण्यात काचेवर, सपाट बुडाच्या बाटलीने, लोण्यासारखा होईस्तोवर घोटा आणि झाकणाच्या डबीत ठेवा. काजळी पाण्यावर तरंगते. आधी दोन थेंब स्पिरिट टाकलं की भिजते.

अंडं ताजं घ्या. पांढरं सांडून द्या, बलक या तळव्यातून त्या तळव्यात घेत राहा, प्रत्येक वेळी रिकामा हात पुसा. कोरडा झाला की पातळ पापुद्र्याला चिमटीत धरून वाटीवर लोंबवा, खालून सुई टोचा. आतला रस वाटीत पडतो, पापुद्रा फेकून द्या. जेवढा रस तेवढंच पाणी. गावरान अंड्याचा बलक केशरी असतो, पांढऱ्या रंगात त्याची झाक दिसते, घाबरू नका, काही आठवड्यांत उडते. वाटी ओल्या वाळूत बसवा, व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका. हिवाळ्यात दिवस निघतो, उन्हाळ्यात अकरानंतर नवं अंडं फोडा.

घोटलेला रंग आणि बलकाचं पाणी निम्मेनिम्मे. दर वेळी काचेवर एक पट्टा ओढून वाळू द्या आणि ब्लेडने खरवडा. पापुद्र्यासारखी सलग साल निघाली तर बरोबर. भुकटी झाली तर बलक कमी; तसा रंग चित्रावरून बाहीला लागून निघून जाईल. चिकट, चमकणारी साल आली तर बलक जास्त. त्याला पुढे भेगा पडतील.

रंगवणं

निवडलेल्या ठशाची रेषा ट्रेसिंगवर घ्या, कागदाच्या मागे गेरू चोळा, फळीवर ठेवून टोकदार पेन्सिलने गिरवा. ग्राफाइट फार घासू नका, पांढऱ्या भागातून ते वर्षानुवर्षं डोकावतं. क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात ठेवा, वेचणी संपलेलं पऱ्हाटीचं वावर, काड्या उभ्या. समोर बाज, बाजेवर ब्लोदेवेद समोर तोंड करून बसलेली. उजेड डावीकडून, सकाळी नऊचा.

अंड्याचा रंग पाण्याच्या रंगासारखा पसरवता येत नाही. एक नंबरचा गोल ब्रश बुडवा, मग बोटांनी किंवा फडक्याने जवळजवळ कोरडा पिळून घ्या आणि समांतर बारीक रेघा ओढा. रेघ दोन-तीन सेकंदांत वाळते. तिच्यावर दुसरी, जरा तिरपी, मग तिसरी. एका गालाला दीडशे-दोनशे रेघा सहज जातात. त्याच जागी ओला ब्रश दोनदा फिरला की खालचा थर उचलला जातो आणि भोक पडतं. ते लगेच दुरुस्त करू नका, तासभराने करा.

आधी संपूर्ण आकृती मळकट हिरव्यात, उजेड-सावलीसकट, फुलांशिवाय. मग जमीन आणि बाज पूर्ण करा, सुंभेचा पीळही. आकृती पूर्ण करणं सगळ्यांत शेवटी. आधी आकृती पूर्ण केली की आजूबाजूचं उरकलं जातं आणि तिला साक्षीदार राहत नाहीत.

तबकडी मधल्या रेषेपासून बाहेर करत जा. नाकाच्या जागी, जिथे चोच खाली वळते, तिथे निंबाच्या पाच पाकळ्यांची फुलं एकमेकांवर चढलेली. दोन बोटं बाहेर गेल्यावर पाकळ्या लांबट करा, मधली शीर ठळक. आणखी बाहेर गेल्यावर त्याच शिरेला दोन्ही बाजूंनी केसासारख्या तिरप्या रेघा द्या, पीस झालं. किनारीला तरोट्याचा पिवळा गेरूकडे झुकवत न्या, गव्हाणी घुबडाची तपकिरी कड तिथेच मिळते. खैराचे तुरे कानांच्या जागी, खाली लोंबते. डोळे काळे, आणि प्रत्येकात खिडकीएवढा नव्हे, मोहरीएवढा पांढरा ठिपका. हात माणसाचेच ठेवा, नखांत मातीसह. पंख काढू नका. घुबड होण्याची गोष्ट तोंडापुरती राहिली तरच ती चालू आहे असं वाटतं, पंख आले की संपलेली असते.

सावलीत एक निर्णय घ्यावा लागतो. बाजेखाली तिची सावली बाईची पडू द्यायची की पक्ष्याची? पक्ष्याची सावली ही फार वापरलेली युक्ती आहे. बाईचीच पडू द्या, नेमकी, बाजेच्या पायांच्या सावल्यांना समांतर.

आठवड्यानंतर लांबून बघा. तोंड मुखवट्यासारखं वेगळं दिसत असेल तर मान आणि तोंड यांच्या कडेला सारखीच गडद रेषा गेलेली आहे. ती रेषा दोन-तीन ठिकाणी तोडा, एक तुरा मानेवर उतरू द्या. चित्र सगळीकडे सारखंच करकरीत वाटत असेल तर पऱ्हाटीच्या मागच्या रांगांवर अगदी पातळ पांढऱ्याचा एक थर द्या, पुढच्या तशाच राहू द्या. आणि चित्र जत्रेतल्या रंगांसारखं भडक झालं असेल तर दोष बहुधा शुद्ध पिवळ्याचा असतो. तो किनारीपुरता ठेवा.

रंग स्पर्शाला लगेच वाळतो, पण आतून घट्ट व्हायला सहा महिने लागतात. तोवर वार्निश नाही, काच नाही. मुंग्या, झुरळं आणि उंदरांना बलकाचा वास कळतो, म्हणून पहिले दोन महिने चित्र जाळीच्या कपाटात किंवा उंच दोरीला टांगून ठेवा, फळीला स्पर्श न करणारं फडकं वरून टाका. सहा महिन्यांनी मऊ सुती फडक्याने हलकेच घासलं की अंड्याच्या टरफलाची चमक येते. टांगताना मातीच्या भिंतीला टेकवू नका. मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा म्हणजे वारा खेळतो, आणि उधईची माती वर चढू लागली तर ती फळीला पोचायच्या आधी दिसते.